पाच लाखांचं कार्ड आणि अलीराजपूरची बस

इंदूरच्या रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी वय वंदना कार्डाचं, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्यांसाठीच्या सरकारी आयुष्मान कार्डाचं, शिबिर लागलं होतं. आत्या शहात्तर वर्षांच्या. त्यांनी आधार कार्ड पुढे केलं, मोबाइलवर आलेला ओटीपी भाचीने वाचून सांगितला, चेहऱ्याचा फोटो झाला आणि घरी कुकरच्या तीन शिट्या व्हायच्या आत पाच लाखांच्या उपचारांची सोय झाली. आत्यांनी ते कार्ड लॅमिनेट करून देवघराच्या खणात ठेवलं. अजून ते बाहेर काढायची वेळ आलेली नाही, देवाची कृपा.

त्याच आठवड्यात समोरच्या बांधकामावरचा चौकीदार एक प्लास्टिकची पिशवी घेऊन दाराशी आला. तो मध्य प्रदेशातल्याच अलीराजपूर जिल्ह्यातल्या सोंडवा भागातला. पिशवीत त्याचं आयुष्मान कार्ड होतं, तेही पाच लाखांचंच. बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले होते, डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते, आणि दवाखान्यातल्या खिडकीवरच्या मुलाने कार्ड परत केलं होतं. "कार्ड तो है दीदी, फिर भी मना कर दिया," तो म्हणाला.

मी एका खासगी रुग्णालयात बावीस वर्षं बिलिंगच्या खिडकीमागे बसले आहे. तो मुलगा काय म्हणाला असेल ते मला न विचारताच कळलं. कार्ड चौकीदाराचं होतं, बायकोचं नव्हतं.

इथपासूनच सांगायला हवं, कारण शिकलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं. पाच लाखांची मर्यादा अख्ख्या कुटुंबाला मिळून आहे, वर्षभरासाठी. कुटुंबात माणसं किती, वय काय, आजार जुना की नवा, हे बघत नाहीत. पण कार्ड ज्याचं त्याचं वेगळं काढावं लागतं. नवऱ्याच्या कार्डावर बायको दाखल होत नाही. मग बायकोचं का काढलं नव्हतं? कारण लग्नाला सात वर्षं झाली तरी तिचं नाव समग्र आयडीत माहेरच्याच कुटुंबात होतं. मध्य प्रदेशात हा समग्र आयडी म्हणजे सरकारदरबारी माणसाची ओळख. कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. त्यात बाई सासरी आलेली नसेल तर योजनेच्या लेखी ती सासरी आलेलीच नाही.

आता ही योजना मुळात आहे काय, ते भिशीवरून समजून घेऊ. भिशीत दहा जणी दरमहा पैसे टाकतात आणि जिची चिठ्ठी निघते ती रक्कम उचलते. विम्यात चिठ्ठी आजारपण काढतं. पैसे सगळे टाकतात, उचलतो तो आजारी पडलेला. ज्याच्याकडे टाकायलाच पैसे नाहीत त्याचा हप्ता सरकारने भरायचा, ही झाली सार्वजनिक आरोग्य विम्याची कल्पना. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली ती हीच. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे उपचार, नोंदणीचे फक्त ३० रुपये, हातात एक चिपवालं कार्ड. तीस हजारांत मोठं ऑपरेशन बसत नसे, ही तिची अडचण. मग २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीहून प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली, जिला सगळे नुसतं 'आयुष्मान' म्हणतात. मर्यादा एकदम पाच लाखांवर गेली आणि सुरुवातीला १०.७४ कोटी कुटुंबं धरली गेली.

खरं तर आमच्या राज्यात याला विमा म्हणणंही जरा चुकीचं आहे. काही राज्यांत सरकार विमा कंपनीला हप्ता भरतं आणि रुग्णालयाचं बिल कंपनी देते. मध्य प्रदेशात मध्ये कंपनी नाही, राज्याची संस्थाच रुग्णालयाला थेट पैसे देते. याला ट्रस्ट पद्धत म्हणतात. खर्चातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. दाखल होणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती खिडकी.

खिडकीवर आयुष्मान मित्र नावाचा माणूस बसतो. तो कार्ड तपासतो. डॉक्टर आजार बघून पॅकेज ठरवतात, म्हणजे अमुक ऑपरेशनला अमुक रुपये, त्यात खाट, औषधं, जेवण, तपासण्या सगळं आलं. मग रिपोर्ट आणि फोटो जोडून ऑनलाइन मंजुरी मागायची. आमच्या भाषेत 'प्री-ऑथ टाकायचं'. तिकडून कधी मंजुरी येते, कधी क्वेरी येते: सोनोग्राफीचा फोटो अस्पष्ट आहे, नाव जुळत नाही, जुने कागद जोडा. क्वेरीचं उत्तर जाईपर्यंत रुग्ण बाकावर. इंदूरचा रुग्ण घरी जाऊन जेवून येतो. सोंडव्याचा रुग्ण कुठे जाईल?

ग्रामीण गरीब भागात योजना अडखळते ती आधी अशा नावांपाशी. कोणाला घ्यायचं हे मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून ठरलं. खेड्यांसाठी काही निकष होते: कच्च्या भिंती-छताची एकच खोली, घरात सोळा ते एकोणसाठ वयाचं कोणी नसणं, कर्त्या पुरुषाविना बाईवर चाललेलं घर, अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब, भूमिहीन मजूर. निकष वाईट नव्हते. पण २०११ मध्ये जो पोरगा बारा वर्षांचा होता तो आता दोन लेकरांचा बाप आहे. पुढे मध्य प्रदेशाने रेशनच्या अन्नसुरक्षेतली आणि असंघटित मजुरांसाठीच्या संबल योजनेतली कुटुंबंही घेतली, त्यामुळे यादी बरीच रुंदावली. आज अलीराजपूर-झाबुआकडचा माणूस बहुधा पात्र असतोच. अडतं ते पात्रता सिद्ध करताना.

२०११ च्या जनगणनेत अलीराजपूर हा देशातला सर्वांत कमी साक्षर जिल्हा निघाला होता, सुमारे ३६ टक्के. अशा ठिकाणी नाव लिहितो तो दुसराच कोणी. एकच बाई एका कागदावर रेमली, दुसऱ्यावर रेमलीबाई, तिसऱ्यावर कोण्या उत्साही मास्तरांनी सुधारून घेतलेलं रमिला. जन्मतारीख सगळ्यांची १ जानेवारी. माणसांचं सोडा, जिल्ह्याचं नावही कुठे अलीराजपूर तर कुठे आलीराजपूर लिहिलेलं सापडतं. संगणकाला मात्र काना जास्त झाला की माणूस बदलतो. त्यात दगड-विटा उचलून बोटांवरच्या रेघा पुसट झालेल्या, यंत्र अंगठा घेत नाही. ओटीपी यावा तर आधारला जोडलेला नंबर तीन सिमांपूर्वीचा.

आणि तिथली वस्ती आपल्याकडच्या गावासारखी एका जागी नसते. भिलांची घरं टेकड्यांवर पसरलेली असतात, चार घरं इथे, सहा तिथे. त्याला फळिया म्हणतात. एका गावाचे असे पाच-सात फळिये. पंचायतीत शिबिराची दवंडी दिली तरी ती शेवटच्या फळियापर्यंत जातेच असं नाही. गेली तरी घरी असतं कोण? पेरणी-कापणी सोडली तर तरणी माणसं सुरत, राजकोट, मोरबी, बडोदा, इंदूर अशी बांधकामावर पांगलेली. सगळी परततात ती होळीच्या आधी, भगोरियाच्या हाटाला, म्हणजे आदिवासींच्या जत्रेच्या बाजाराला. मला कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, वर्षभराची शिबिरं बाजूला ठेवा आणि भगोरियाच्या आठवड्यात प्रत्येक हाटात कार्डाचं टेबल लावा, ढोल-मांदळाच्या शेजारीच. मला कोण विचारतं म्हणा.

समजा, नाव जुळलं, कार्ड निघालं. पुढचा प्रश्न, ते दाखवायचं कुठे?

विम्याचं कार्ड पैसे देतं, डॉक्टर देत नाही. योजनेमागचा हिशोब असा की गरिबाच्या हाती पैशाची हमी दिली की रुग्णालयं आपोआप त्याच्याकडे वळतील. शहरात तसं होतंही. इंदुरात कार्ड नाकारलं तर चौथ्या चौकात दुसरं रुग्णालय आहे, आणि शेवटी एमवाय हे मोठं सरकारी रुग्णालय आहेच. पण जिथे रुग्णालयच नाही तिथे हमी घेऊन माणूस करणार काय? केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची गरजेच्या जवळजवळ ८० टक्के तूट होती. शल्यचिकित्सकांची ८३ टक्के. म्हणजे शंभर सर्जन हवेत तिथे सतरा. उरलेल्या ठिकाणी पोट कापणारा माणूसच नाही, मग पॅकेज कितीचंही असो.

खासगी रुग्णालय तिकडे का जात नाही, हे मी आतून पाहिलं आहे. पॅकेजचे दर ठरलेले. त्यात चालवायचं तर रोज बरीच ऑपरेशनं हवीत, भूलतज्ज्ञ हवा, रक्तपेढी जवळ हवी. शिवाय पैसे हातात यायला वेळ लागतो. नियमात राज्यातल्या दाव्यासाठी पंधरा दिवस लिहिलेले आहेत, पण नियम नियमाच्या जागी. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी रुग्णालयांनी थकलेल्या बिलांसाठी आयुष्मानचे उपचार थांबवले होते. शंभर खाटांचं रुग्णालय तीन महिन्यांची उधारी सोसतं. आदिवासी तालुक्यात कर्ज काढून पंधरा खाटा टाकलेला डॉक्टर सोसू शकत नाही. मग तो आयुष्मानचा बोर्डच लावत नाही.

याचा परिणाम थोडा उलटा होतो. अलीराजपूरच्या माणसाच्या नावावर मंजूर झालेला पैसा इंदुरात, किंवा गुजरातेत दाहोदला, बडोद्यात खर्च होतो. पोर्टेबिलिटी, म्हणजे कार्ड दुसऱ्या राज्यातही चालणं, ही योजनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. अलीराजपूरहून छोटा उदेपूरमार्गे बडोदा इंदूरपेक्षा जवळ पडतं, त्यामुळे तिथल्या लोकांना तिचा खरा उपयोग आहे. पण त्या पैशातून जे रुग्णालय वाढतं, नवं यंत्र घेतं, आणखी दोन डॉक्टर ठेवतं, ते शहरातलंच असतं. सोंडव्यात त्यातली एक खाटही वाढत नाही.

आणि शहरापर्यंतचा रस्ता कार्डात नाही. इंदुरातल्या गंगवाल बस स्टँडवर पहाटे उभं राहून बघा. धार, कुक्षी, अलीराजपूरकडून आलेल्या बसमधून उतरणाऱ्यांत एखादा तरी हातात एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन पत्ता विचारत असतो. दोनशे किलोमीटर. बरोबर दोन माणसं, कारण एकट्याने शहरात यायची भीती वाटते. २०२४ पासून राज्यात पीएम श्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स आहे आणि आयुष्मान कार्डवाल्याला ती फुकट आहे. गंभीर रुग्णासाठी मोठीच सोय. पण फळियापासून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला चादरीची झोळी करून खांद्यावर आणावं लागतं, तो टप्पा कुठल्याच योजनेत बसलेला नाही.

आता सर्वांत मोठी गफलत, जी आमच्या आत्यांनाही झाली. कार्ड मिळाल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता माझ्या बीपीच्या गोळ्या फुकट ना?" नाही. ही योजना दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि सुटी झाल्यावरच्या पंधरा दिवसांचा खर्च पॅकेजमध्ये येतो, पण नुसतं दाखवायला गेलात, औषध लिहून दिलं, घरी आलात, तर पैसे खिशातले. तपासणी केली आणि दाखल व्हायची गरज निघाली नाही, तरी तपासणीचे पैसे खिशातलेच.

गरिबाचा पैसा मात्र जातो तो नेमका इथेच. ताप आला की गावातला 'बंगाली डॉक्टर' बाटली चढवतो आणि तीनशे-चारशे घेतो. हा बंगालीही नसतो आणि डॉक्टरही नसतो, पण तो फळियाच्या जवळ असतो, रात्री दार उघडतो आणि उधारी ठेवतो. या तीन गोष्टी आमच्या मोठमोठ्या रुग्णालयांना जमलेल्या नाहीत, म्हणून त्याला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. दाखल होण्याचा खर्च एकदम अंगावर येतो म्हणून तो दिसतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खासगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये निघाला होता, सरकारीत ४,४५२. कार्ड पहिल्या आकड्यापासून वाचवतं, हे खरं आहे आणि मोठं आहे. पण गोळ्या, बाटल्या, तपासण्या या गळतीला त्याच्यात बूच नाही.

काही आजार तर जन्मभर असे गळतच राहतात. गोध्र्याजवळच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत काम करून अलीराजपूर, झाबुआ, धारचे किती तरी तरुण सिलिकोसिस घेऊन परतले. गारगोटीची धूळ फुप्फुसात बसते आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखं घट्ट होत जातं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायचे आदेश गुजरात सरकारला दिले. या आजारावर ऑपरेशन नाही. माणूस उरलेलं आयुष्य धापा टाकत जगतो, त्याला औषध, ऑक्सिजन आणि दोन वेळचं अन्न लागतं. यातलं पॅकेज कशाचं लावणार? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. त्यासाठी १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या होत आहेत. पण रुग्णाला रोजची गोळी गावाजवळ वर्षानुवर्षं न चुकता मिळायला हवी. ते काम उपकेंद्राचं आहे, विम्याचं नव्हे.

गंमत म्हणजे योजना आखणाऱ्यांना हे माहीत होतं. आयुष्मान भारत या मूळ कार्यक्रमाचे पाय दोन, गावाजवळची आरोग्य केंद्रं आणि हे कार्ड. पहिला पडला १४ एप्रिल २०१८ ला, छत्तीसगडमधल्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथे, पहिल्या आरोग्य केंद्राच्या रूपाने. आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. कार्ड आलं पाच महिन्यांनी. पण कार्डावर फोटो असतो, ते हातात देता येतं, त्याचा सोहळा करता येतो. उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर संपल्या नाहीत, याचा कोणी सोहळा करत नाही. म्हणून कार्ड सगळ्यांना माहीत झालं आणि केंद्र म्हटलं की लोकांना कुलूप आठवतं. सगळीकडे कुलूप नसतं, हेही सांगायला हवं.

मग खिडकीवर इतकी कागदपत्रं कशाला, असं चौकीदाराने मला विचारलं. तो चिडला होता आणि त्याचं चुकत नव्हतं. पण मी दुसऱ्या बाजूलाही बसले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले निघाले. नंबर कोणता, तर दहा वेळा नऊ. आधीच मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचंही त्यात होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने तपासणी शिबिर घेतलं. १९ गावकऱ्यांना शहरात नेलं, सात जणांची अँजिओप्लास्टी केली, दोघे दगावले. पैसा सरकार देणार आणि रुग्णाला काही कळत नाही, अशी जोडी जमली की असले व्यवहार होतात. ते रोखायला फोटो, अंगठा, मंजुरी, क्वेरी हे सगळं आलं.

अडचण अशी की ही गाळणी लबाडाला पकडते त्याहून जास्त रेमलीला अडवते. लबाडाकडे कागद नीट असतात. त्याचं नाव सगळीकडे एकसारखं असतं, फोटो स्पष्ट असतो, फाइल पूर्ण असते. मी बावीस वर्षांत ज्या फाइली बघितल्या त्यांतल्या सर्वांत स्वच्छ फाइलींवर माझा सर्वांत कमी विश्वास बसला.

चौकीदाराच्या बायकोचं पुढे झालं ते असं. तो गावी गेला. पंचायत सचिव बैठकीला गेलेले, दोन दिवस थांबला. समग्रमध्ये तिचं नाव माहेरून काढून सासरी आणायला दोन पंचायतींच्या चकरा झाल्या. आधारवर ती होती 'बाई' लावून आणि समग्रमध्ये 'बाई'विना, ते जुळवलं. कार्ड निघालं, ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी सुटी. रुग्णालयाने एक रुपया घेतला नाही, आणि ज्या खिडकीवरच्या मुलाने कार्ड परत केलं होतं त्यानेच नंतर दोनदा फोन करून ड्रेसिंगची आठवण केली. कार्डाने आपलं काम चोख केलं.

तरी एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून आम्ही हिशोब मांडला. गावाकडच्या बाटल्या, दाहोदची सोनोग्राफी, बसचं भाडं सहा वेळा, बाहेरचं खाणं, झेरॉक्स, पंचायतीत 'चहापाणी', बुडालेली मजुरी. साडेनऊ हजारांच्या वर गेलं. त्यासाठी बायकोच्या पायातली चांदीची कडी कुक्षीच्या सराफाकडे गहाण पडली आहेत. आत्या आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "फुकट ऑपरेशनला साडेनऊ हजार?" आणि चहा ठेवायला गेल्या.

यंदा भगोरियाला तो गावी गेला तेव्हा मी त्याला एकच सांगितलं, फळियातल्या घरांचे आधार आणि समग्रचे कागद मोबाइलवर फोटो काढून आण, कोणी आजारी पडायच्या आधीच नावं जुळवून ठेवू. तो सहा घरांचे घेऊन आला. भाचीने मोबाइल मोठा करून वाचायला सुरुवात केली. दोन घरं ठीक निघाली. तिसऱ्या घरात आईचा जन्म मुलीनंतर दोन वर्षांनी झालेला होता.